पोट बिघडलंच नव्हतं

ऑफिसातल्या कामाच्या गर्दीत बरेच दिवस लिहिणं झालं नाही. पण बाहेर जाणं मात्र दोनदा झालं.

पहिल्यांदा आम्ही ऑफिसातल्या सातजणींनी ‘बाईपण भारी देवा’ पाहिला. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा. हसता हसता डोळे कधी भरले कळलंच नाही. सिनेमा सुटला तेव्हा नऊ वाजत आले होते. सगळ्या हॉटेलात शिरल्या. चातुर्मासात माझा रात्रिभोजनाचा त्याग असतो. पण ते सांगायचं, मग प्रश्न, मग चेष्टा... “पोट बिघडलंय गं,” म्हणून मी मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरची मैत्रीण माझ्यासाठी डब्यात मुगाची मऊ खिचडी घेऊन आली. तिच्याकडे बघवेना. नियम पाळला होता, पण त्यासाठी खोटं बोलले होते. रात्रीचा घास टाळला आणि सत्य अणुव्रताला धक्का लावला! शिवाय चातुर्मास काही महिने चालतो. दर वेळी पोट किती बिघडवणार?

जेवणाच्या सुट्टीत तिला खरं सांगितलं, क्षमा मागितली. “अगं, आधी सांगायचंस ना! आम्हीच लवकर जेवलो असतो,” एवढंच ती म्हणाली.

गेल्या शनिवारी आम्ही दुपारचा खेळ पाहिला. साडेपाचला सगळ्यांनी डोसे खाल्ले, माझा बटाट्याच्या भाजीशिवाय. सूर्यास्ताआधी पाणी पिऊन मी निवांत गप्पा मारत बसले.

तुम्ही ऑफिसात पहिल्याच दिवशी सांगून टाकता का गं?