मंद्रातली रेघ
ताप उतरला, पण अंगात त्राण नव्हतं. पडल्या पडल्या बाखची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ लावली, १७४१ सालची. ३० रूपं, आणि सगळ्यांखाली मंद्रात तोच स्वरांचा पाया. वर लय बदलते, भाव बदलतो, खालची रेघ ढळत नाही. ऑफिसातली नवी सिस्टिम आठवली. डेटाबेसची मांडणी अशीच हवी, म्हणजे वरचे स्क्रीन खुशाल बदलावेत.

दर तिसरं रूप कॅनन: एका आवाजामागून दुसरा तेच गात येतो, आणि दोघांमधलं अंतर दर खेपेला एका स्वराने वाढतं. ही शिस्त मला फार जवळची वाटते. ३०व्या रूपात मात्र कॅनन अपेक्षित असताना बाख लोकगीतं गुंफतो. आमच्या आराखड्यात एवढी मोकळीक कुठे ठेवावी?