नीसमधील एक दिवस आणि हरभऱ्याचे पीठ

आमच्या घरी प्रवासाची तयारी कपड्यांपासून नव्हे, डब्यापासून सुरू होते. गेल्या जून महिन्यात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील आंतीब गावी मुलाकडे गेलो, तेव्हा सामानात ठेपले, खाखरे, कोरडी चटणी आणि भाजलेली पिठे मिळून अकरा किलो खाऊ होता. लातूरला आमची डाळमिल असल्याने वजनकाटा घरचाच. माझी आई शहात्तर वर्षांची आहे. कंदमूळ तिच्या पानात कधी आले नाही आणि सूर्यास्तानंतर तिने कधी घास घेतला नाही. त्या भागात जूनमध्ये सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, हे ऐकल्यावर मात्र तिला हा प्रवास प्रथमच पसंत पडला.

एका शनिवारी आम्ही पाच जण, म्हणजे आई, आम्ही उभयता, मुलगा आणि पुण्यात फ्रेंच शिकणारी आमची धाकटी मुलगी, नीस शहर पाहण्यास निघालो. आंतीबहून लोकल गाडीने फार तर अर्धा तास लागतो. स्थानकाजवळून ट्राम मिळते आणि ती थेट मासेना चौकात उतरवते. गेरूच्या रंगाच्या कमानदार इमारती, बुद्धिबळाच्या पटासारखी फरशी आणि उंच खांबांवर बसलेले सात पुतळे. या चौकात ट्रामला वरची तार नाही. चौक विद्रूप दिसू नये म्हणून तेवढे अंतर ती बॅटरीवर जाते. आईचे लक्ष पुतळ्यांकडे होते. "इतक्या उंच कशाला बसवलंय बिचाऱ्यांना?" असे तिने विचारले. ते सात खंडांचे प्रतीक आहेत, हे मुलाचे उत्तर तिला फारसे पटले नाही.

तेथून जुन्या शहरात शिरले की गल्ल्या एवढ्या अरुंद होतात की समोरासमोरच्या खिडक्यांतून वाटी-चमचा देता यावा. पुढे कूर सालेया नावाचा बाजार लागतो. सोमवारी तेथे जुन्या वस्तू मांडतात, एरवी फुले आणि भाजी. पट्ट्यापट्ट्यांच्या छतांखाली फुलांच्या राशी, लिंबे, आणि केशरी फुलांसह विकायला ठेवलेली कोवळी दुधीसारखी भाजी. साखरेत मुरवलेली अख्खी संत्री पाहून सौभाग्यवती तेथेच थबकल्या. बाजाराच्या टोकाला एक पिवळी इमारत आहे. चित्रकार मातीस तेथे बरीच वर्षे राहत असत.

याच बाजारात मला तो वास आला. ज्याचे उभे आयुष्य हरभऱ्यात गेले आहे, त्याला भाजलेल्या बेसनाचा वास परक्या देशातही चकवू शकत नाही. एका टपरीवर हातभर रुंद तांब्याच्या परातीत सोनेरी, कडेने काळपट झालेले धिरडे होते. त्याला येथे ‘सोका’ म्हणतात. हरभऱ्याचे पीठ, पाणी, ऑलिव्हचे तेल आणि मीठ, एवढेच साहित्य. लाकडाच्या धगधगत्या भट्टीत परात सारायची, काही मिनिटांत काढायची, ओरबाडून तुकडे करायचे, वर मिरपूड घालायची आणि हाताने खायचे. पूर्वी हे कष्टकऱ्यांचे सकाळचे खाणे होते. इटलीतील जिनोव्हा शहरात हाच पदार्थ ‘फारिनाता’ नावाने मिळतो, आणि त्यात नवल नाही. नीस १८६० साली फ्रान्सला जोडले गेले, त्याआधी शतकानुशतके ते सव्हॉय घराण्याच्या राज्यात होते. इटलीच्या एकीकरणासाठी लढलेल्या गॅरिबाल्डीचा जन्म १८०७ साली याच शहरात झाला.

परंतु त्याच टपरीवर शेजारी कांद्याचा थर दिलेली, वर खारवलेले मासे लावलेली रोटीही होती. आई दोन पावले मागे सरकली. मुलगा हळू आवाजात म्हणाला, "बाबा, इथं एवढं विचारत नाहीत. मागे रांग आहे. आजीला डब्यातलं देऊ या." खरे सांगायचे तर मीही तेच म्हणणार होतो. दुकानात एखाद्या गिऱ्हाइकाने "बेसनात काही मिसळलं नाही ना?" असे विचारले की मला राग येतो, आणि येथे मीच तसे गिऱ्हाईक होऊन उभा होतो.

विचारले ते मुलीने. तोडक्यामोडक्या फ्रेंचमध्ये तिने आजीचे वय सांगितले, कांदा-लसूण सांगितले, सुरीही सांगितली. टपरीवरील बाईंनी सर्व ऐकून घेतले. ही परात फक्त सोक्याची, खरवडण्याचे उलथणेही तिचेच, असे त्या म्हणाल्या. पण पुढ्यातील परातीतून तुकडे काढताना हात दोन्हींकडे गेला आहे, हेही त्यांनी आपण होऊन सांगितले. भट्टी पलीकडच्या गल्लीत होती. नवी परात यायला दहा मिनिटे लागणार होती. आम्ही बाजूला उभे राहिलो. मुलगा लाल होऊन फोन पाहत राहिला. सायकलच्या गाड्यावरून झाकलेली परात आली, तेव्हा बाईंनी हात धुतले आणि रांगेतील कोणालाही देण्याआधी पहिला तुकडा कागदात घालून आईपुढे केला. रांगेतील कोणी कुरकुरले नाही.

आईने तो दोन्ही हातांनी घेतला. बाहेर खुसखुशीत, आत मऊ, दुधातल्या पिठल्यासारखा. तिने संपवला आणि म्हणाली, "ओवा पाहिजे होता." मग दुसरा मागितला.

या खोळंब्यामुळे टेकडीवर पोहोचेतो बारा वाजत आले. येथील किल्ला चौदाव्या लुईने १७०६ साली पाडून टाकला. आता बाग आणि एक कृत्रिम धबधबा आहे. वर जायला लिफ्ट आहे, तीही फुकट, त्यामुळे आईचे गुडघे वाचले. ठीक बाराला तोफेचा आवाज होतो. एका स्कॉटिश गृहस्थांची पत्नी बाजारात गप्पांत रमून जेवणाची वेळ विसरत असे, म्हणून एकोणिसाव्या शतकात त्यांनी ही प्रथा सुरू करविली, अशी कथा सांगतात. "आमच्या घरी तोफ लावली तर ती दुकानाकडे तोंड करून लावावी लागेल," हा शेरा सौभाग्यवतींचा.

दुपारी समुद्रकाठच्या ‘प्रोमनाद दे आंग्ले’वर, म्हणजे इंग्रजांच्या फिरण्याच्या रस्त्यावर, निळ्या खुर्च्यांत बसून डबा उघडला. किनाऱ्याला वाळू नाही, गोटे आहेत. हा रस्ता १८२० च्या दशकात सुरू झाला. कडाक्याच्या थंडीने संत्र्यांचे पीक गेले, हातांना काम उरले नाही, तेव्हा हिवाळ्यासाठी येथे राहणाऱ्या इंग्रजांनी लुइस वे या धर्मगुरूंच्या पुढाकाराने वर्गणी काढून ही पायवाट बांधविली. आईला १९७२ च्या दुष्काळातील खडी फोडण्याची कामे आठवली. त्या दिवसांत आजोबांनी डाळीचा भाव वाढविला नव्हता, हे ती मुलाला पुन्हा एकदा सांगत होती. त्याने या वेळी फोन खिशात ठेवला होता.

परतताना स्थानकाजवळच्या दुकानातून मी त्या पिठाची अर्ध्या किलोची पिशवी घेतली. आपले बेसन देशी हरभऱ्याच्या डाळीचे. हे काबुली चण्याचे, रंगाला फिके. आंतीबला पोहोचलो तेव्हा साडेसात झाले होते आणि ऊन अजून भिंतीवर होते. पाव किलो पिठाला अर्धा लिटर पाणी, चार चमचे तेल. दोन तास भिजायला हवे, पण तेवढा वेळ नव्हता. मुलाने ओव्हन पूर्ण तापविला आणि आजीला विचारून चिमूटभर ओवा घातला. कड करपली, मधला भाग ओलसर राहिला. नऊला दहा मिनिटे कमी असताना आईने ताट पुढे ओढले.