पिंडारीच्या वाटेवरचे नकाशे

उत्तराखंडच्या बागेश्वर जिल्ह्यातल्या पिंडारी हिमनदीकडे तुम्ही चालत निघालात, की खाती हे वाटेवरचं शेवटचं गाव लागतं. पुढे द्वालीला पिंडर आणि कफनी नद्यांचा संगम होतो. फुरकियानंतर झाडं विरळ होत संपतात आणि उरतात गवत आणि दगड. सगळ्यांचे मोबाइल शिखरांकडे वळलेले असतात. तुम्ही जरा दगडांकडे बघा.

एखाद्या दगडावर हिरवट पिवळे चट्टे दिसतील. कुणी रंग शिंपडलाय, असंच आधी वाटतं. जवळ जा. चट्ट्याच्या कडेला काळी रेघ, आत भेगांनी पाडलेले बारीक तुकडे, तुकड्यांच्या मधे काळे ठिपके. हुबेहूब नकाशा! याचं शास्त्रीय नावही रायझोकार्पॉन जिओग्राफिकम. हेसुद्धा दगडफूलच, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. पण गोडा मसाल्यातलं दगडफूल पानासारखं सुटं होतं, हे मात्र दगडाला इतकं घट्ट धरतं की नखानेही निघत नाही. शेजारी नारिंगी चट्टा असेल, तर तो वेगळा: झँथोरिया. पक्षी बसून शिटतात ते दगड त्याला फार मानवतात.

हा नकाशा वाढतो अगदी सावकाश, बहुतेक ठिकाणी वर्षाला एक मिलिमीटरही नाही. तळहाताएवढा चट्टा सहज शंभर वर्षांचा असू शकतो. हिमनदी मागे हटली की खालचे दगड उघडे पडतात आणि काही वर्षांनी त्यांवर हे दगडफूल रुजतं. म्हणून सर्वांत मोठ्या चट्ट्याचा व्यास मोजून, तिथला बर्फ कधी हटला याचा अंदाज बांधता येतो. ऑस्ट्रियाच्या रोलंड बेशेल यांनी १९५० च्या सुमारास ही पद्धत मांडली. पिंडारीच्या परिसरातही भारतीय अभ्यासकांनी अशी मोजणी केली आहे. वाढीचा वेग जागेप्रमाणे बदलतो, त्यामुळे नुसती पट्टी लावून वय सांगायला जाऊ नका.

२००५ मध्ये युरोपीय अवकाश संस्थेच्या प्रयोगात हे दगडफूल सुमारे दोन आठवडे अवकाशात उघड्यावर होतं आणि जिवंत परतलं. पण मोठ्या दगडावर कुणी ऑइलपेंटने स्वतःचं नाव रंगवलं, की त्याखाली नेमका जुना, मोजायचा चट्टाच गाडला जातो. मला तरी ते नाव वाचवत नाही.

फोटो काढताना शेजारी रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे आकार कळेल. नाणं तेवढं आठवणीने उचला.