दिवाळीआधीचे रविवार

दसरा आणि लक्ष्मीपूजन यांच्यात साधारण वीस दिवस असतात. वसुबारसेपासून दिवाळी धरली तर त्याहून कमी. म्हणजे मधे दोन, फार तर तीन रविवार सापडतात. पंचांगात त्यांना नाव नाही. घट उठलेले, सोनं वाटून झालेलं, सहामाही परीक्षा सुरू तरी असे किंवा नुकती आटोपलेली तरी, आणि पाहुणे अजून यायचे असत. त्या रविवारी घरातली सगळी माणसं घरात असत आणि प्रत्येकाच्या हातात काहीतरी काम असे.

सण कुठे गेलेला नाही, उलट वाढलाच आहे. हे रविवार मात्र गेले. त्यांच्यातल्या वस्तू आणि कामं आठवतील तशी लिहून ठेवते.

खात्रीचं ऊन. पाऊस उघडला की आश्विनात कोरडं, कडक ऊन पडे. चार महिन्यांत ओल धरलेलं घर त्या उन्हात बाहेर काढायचं. गाद्या, उशा, रजया, ट्रंकांमधले लोकरीचे कपडे, पुस्तकं, चिवड्याचे पातळ पोहे. जरीची लुगडी मात्र सावलीत. गच्ची भरली की उरलेलं सामान अंगणातल्या बाजेवर. दुपारी चारच्या आत सगळं उचलायचं, कारण त्यानंतर गारवा उतरतो. हवामान खात्याने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या सरासरी तारखा नव्याने ठरवल्या, तेव्हा मुंबईतून पाऊस परतण्याची तारीख सप्टेंबरच्या शेवटाहून ८ ऑक्टोबरवर आली. फरक आठवड्याभराचाच आहे. पण दिवाळीआधी आठवडा गेला म्हणजे त्यातला एक रविवार गेला. आता पोहे ओव्हनमध्ये किंवा कढईत गरम करून घेतात.

पिंजारी. आमच्या साताऱ्याच्या गल्लीत तो कुणाच्या ओट्यावर बसला आहे हे आवाजावरून कळे. धनुकलीच्या तातीवर लाकडी दस्ता पडला की एक घुमणारा टणत्कार होई आणि गोळे झालेला जुना कापूस मोकळा होऊन उडे. मुलांनी जवळ जायचं नाही, नाकात जातो. संध्याकाळी तोच कापूस तिप्पट फुगून पुन्हा त्याच खोळीत बसवलेला असे आणि रात्री गादीवर झोपलं की माणूस उंच झाल्यासारखं वाटे.

कल्हईवाला. हाही याच दिवसांत येई, कारण फराळाआधी पितळेची पातेली कल्हई करून घ्यायची असत. जमिनीत खळगा, त्यात कोळसे, एका बाजूला चामड्याचा भाता. पातेलं आधी राखेने आणि वाळूने घासून तांबूस-पिवळं चमकवायचं. मग चिमट्यात धरून निखाऱ्यावर फिरवायचं. पुरेसं तापलं की नवसागराची चिमूट. पांढरा, झोंबणारा धूर भसकन वर येई. तो ओसरायच्या आत कथलाची कांडी आतून टेकवायची, ती टेकताक्षणी वितळे. कापसाच्या बोळ्याने कथील एका दमात सगळीकडे पुसून घ्यायचं आणि भांडं पाण्यात बुडवायचं. चर्र आवाज. पिवळं भांडं आतून चांदीसारखं होऊन बाहेर येई. यातला नेमका क्षण त्याला कोणी सांगत नसे, त्याचा त्यालाच कळे. भांडं जास्त तापलं तर कथील काळं पडतं, कमी तापलं तर धरत नाही. आता स्टील आणि नॉनस्टिकला त्याची गरज उरली नाही. जुनी पितळी पातेली लोकांनी पुन्हा माळ्यावरून काढली आहेत, पण कल्हई कुणाकडून करून घ्यायची हे शेजारी विचारावं लागतं.

शनिवारची अर्धी कचेरी. शाळाही त्या दिवशी सकाळची. दुपारी सगळे एका पंगतीला जेवायला. म्हणजे रविवारची तयारी शनिवारी दुपारीच सुरू होई. रविवार स्वतः काही आपल्याकडे आपोआप सुट्टीचा झालेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी तो मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी लढून मिळवला, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती सुट्टी मान्य केली. त्याआधी कामगारांच्या घरी दिवाळीची तयारी कधी होत असेल, याचा विचार मी पुष्कळदा करते. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारच्या कचेऱ्यांचा आठवडा पाच दिवसांचा झाला. सुट्टी वाढली. तरीही माझ्या भाच्याच्या घरी दिवाळीआधीच्या शनिवार-रविवारी मुलांचे क्लास, प्रदर्शनं, सेल आणि गाडीची सर्व्हिसिंग यांतून एक मोकळी दुपार निघत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण इतक्या कष्टाने मिळालेला दिवस आपण फार स्वस्तात देऊन टाकला.

अनारशाचे तांदूळ. गुरुवारी भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, रविवारी सकाळी उपसून पंच्यावर सावलीत पसरायचे. खडखडीत वाळू द्यायचे नाहीत. मुठीत धरले तर किंचित दमट लागले पाहिजेत. मग कुटून, बारीक चाळणीने चाळून, त्यात किसलेला गूळ मळून गोळे डब्यात बंद. ते पुढचे पाच-सहा दिवस तसेच राहू द्यायचे. म्हणजे अनारशाला दोन रविवार लागतात, एक पिठाचा आणि एक तळणीचा. पुढच्या रविवारी खसखशीवर थापून तुपात सोडायचा, खसखशीची बाजू वर. उलटायचा नाही, झाऱ्याने तूप उडवत राहायचं. तुपात सोडल्या सोडल्या विरघळून पसरला तर तो हसला. गूळ जास्त झाला असं समजायचं आणि तांदळाची थोडी पिठी घालून पुन्हा मळायचं. आजी पहिला अनारसा सोडताना कुणाला बोलू देत नसे. बाकी सगळा फराळ घाईत जमवता येतो. अनारसा जमत नाही, म्हणून घराघरांतून तो सगळ्यात आधी गेला. तयार पीठ मिळतं, आणि ते चांगलंही असतं.

चकलीची भाजणी. तांदूळ जास्त, मग हरभऱ्याची डाळ, उडदाची, मुगाची, वर धणे-जिरे. प्रमाण घरोघर वेगळं, आणि ज्या घरात लग्न होऊन गेली त्या घराचं प्रमाण बाईने शिकायचं असा रिवाज. प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, कारण उडदाची डाळ आधी तांबूस होते आणि हरभऱ्याची मागे राहते. भाजणी गिरणीत नेण्याचं काम आम्हा मुलांकडे. एकच निरोप पाठ करून जायचं: गव्हावर टाकू नका हो. गिरणीवाला या दिवसांत तांदूळ आणि भाजण्यांचे डबे वेगळ्या रांगेत लावून घेई.

ठिपक्यांचा कागद. रांगोळीसाठी, उदबत्तीच्या टोकाने एकेक भोक पाडायचं, ओळीने.

करंज्यांची दुपार. आज जोशीकाकूंकडे, उद्या आमच्याकडे, परवा वरच्या मजल्यावर. प्रत्येक बाई आपलं पोळपाट-लाटणं घेऊन येई. जिच्याकडे करंज्या तिने सारण आणि पीठ तयार ठेवायचं. एक लाटणार, एक भरणार, एक कातणीने कडा कापणार, एक ओल्या फडक्याखाली झाकून ठेवणार, कारण सुकली की तळताना फुटते. मुली मधूनच बसत, आणि पहिल्या वेड्यावाकड्या करंजीला कोणी नावं ठेवत नसे. तिथे गल्लीतलं सगळं बोलणं होई. कुणाचं लग्न ठरतंय, कुणाची नोकरी सुटली, कुणाच्या घरी या वर्षी सुतक आहे. सुतकाच्या घरी तळण नाही, म्हणून प्रत्येक घरातून त्या घरचा डबा बाजूला निघे. कुणी आठवण करून द्यावी लागत नसे.

हे लिहिताना एक गोष्ट झाकायची नाही. हे रविवार निवांत होते ते आम्हा मुलांना आणि बाबांना. आईला नव्हते. सकाळचा स्वयंपाक उरकून ती भाजायला बसे, आणि रात्री आम्ही झोपल्यावरही तळणाचा वास येत राही. पाटा, उखळ, धुरातली बैठक यांतलं काही परत यावं असं मला अजिबात वाटत नाही. आज बचत गटातल्या बायका फराळ करून विकतात, आणि त्या कामाचे पैसे त्यांच्या हातात पडतात. आईच्या हातात कधी पडले नाहीत. चकली मी अशाच एका गटाकडून घेते. ज्यांची मुलं परदेशात आहेत ती माणसं तर गणपती उठले की लगेच फराळाची खोकी भरायला घेतात, नाहीतर ती वेळेत पोचत नाहीत. तेही योग्यच. माझ्या मनात राहतो तो करंज्यांचा घोळका. काम यंत्राला किंवा दुसऱ्या कुणाला देता आलं, पण त्याबरोबर सुतकाच्या घरचा डबाही बंद झाला. या वर्षी कुणाच्या घरी दिवा लागणार नाही, हे आता समोरच्या दारालाही ठाऊक नसतं.

कामट्या. बुरुडाकडून बांबू चिरून आणायचा आणि चाकूने तासून काड्या सारख्या करायच्या. कंदिलाला एकाच लांबीच्या चोवीस काड्या लागतात. त्यांचे दोऱ्याने बांधून सहा चौकोन. एक वर आडवा, एक खाली आडवा, आणि चार बाजूंना टोकावर उभे. वरच्या चौकोनाचा प्रत्येक कोपरा एकेका उभ्या चौकोनाच्या शेंड्याला बांधायचा, खालचा तसाच खालून, आणि उभे चौकोन एकमेकांना कोपऱ्याशी. सगळं बांधून झालं की मधे आठ त्रिकोण तयार झालेले असतात, त्यांना वेगळी एकही काडी लागत नाही. दादा हे दरवर्षी मोजून दाखवी आणि आम्ही दरवर्षी पुन्हा मोजून बघायचो. मग खळ. मैद्याची, शिजवताना तिच्यात थोडा मोरचूद, कीड लागू नये म्हणून. मोरचूद विषारी, म्हणून ते पातेलं मोठ्यांच्या हातात. पतंगाचा कागद ताणून चिकटवायचा, सुकला की तो ढोलकीसारखा तटतटे. शेवटी झिरमिळ्या. आता कंदिलाच्या कार्यशाळा भरतात, मुलं हौसेने जातात आणि मला ते बघायला आवडतं. काड्या मात्र कापून, मोजून, पिशवीत घालून दिलेल्या असतात, आणि दोन तासांत कंदील घेऊन घरी यायचं असतं. आमचा अर्धा दिवस तासण्यातच जाई, आणि बोटांत कुसं जात. पण त्या अर्ध्या दिवसात दादा आमच्याशी जेवढं बोले तेवढं एरवी वर्षभरात बोलत नसे.

दिवाळी अंकांचा क्रम. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही परंपरा, आणि अंक आजही शेकड्यांनी निघतात. गल्लीतली काही घरं मिळून वर्गणी काढत. कोणते अंक घ्यायचे आणि कुणी आधी वाचायचे, हे दिवाळीआधीच्या रविवारी आमच्या ओट्यावर ठरे. शेवटच्या पानावर पेन्सिलीने घरांची नावं ओळीने. वाचून झालं की आपल्या नावावर रेघ मारायची आणि अंक पुढच्या घरी. अंक आमच्याकडे येईपर्यंत त्यातल्या कथेवर दोन घरांचं भांडण होऊन गेलेलं असे, त्यामुळे आम्ही ती जास्त लक्ष देऊन वाचत असू.

पोस्टकार्डं. बाबांची पत्त्यांची वही जाड पुठ्ठ्याची होती. रविवारी सकाळी चहा झाला की ते वही आणि कार्डांचा गठ्ठा घेऊन बसत. वर मध्यभागी श्री. खाली, वयाने आणि नात्याने मोठं असेल त्याला शि. सा. न. वि. वि., बरोबरीच्याला स. न. वि. वि., धाकट्याला अनेक आशीर्वाद. मजकूर दोन ओळींचा, पण प्रत्येकाला एक ओळ वेगळी. तुमच्या आंब्याला मोहोर आला का, गुडघा कसा आहे, बाळूचा निकाल कळवा. त्या वर्षी कोणी गेलं असेल तर त्या नावावर शाईची एक आडवी रेघ. घर तेच असे, म्हणून पत्ता खोडत नसत. पुढचं कार्ड त्याच पत्त्यावर मुलाच्या नावाने जाई. आता सकाळी उठल्यावर फोनवर शंभर दिवे येऊन पडलेले असतात, सगळ्यांना एकच. ती वही माझ्याकडे आहे. त्यातल्या ज्या घरांतली माणसं मला ठाऊक आहेत, त्यांना मी अजून कार्ड लिहिते. उत्तरं येतात, पण फोनवर.

किल्ला. हा वाचला आहे, सातारा, सांगली, पुण्याच्या सोसायट्यांतून अजून होतो. अजिंक्यतारा आमच्या गच्चीवरून समोर दिसे, त्यामुळे आमचा किल्ला कुठल्याही नावाचा असला तरी त्याचा उतार तसाच येई. आता तयार प्लास्टरचे किल्ले विकत मिळतात, बुरुजांसकट. ते घेऊ नयेत. दगड, विटा, पोतं आणि त्यावर चिखल, एवढंच लागतं, आणि मुलं दिवसभर त्यात राहतात. तटावर हळीव पेरायचे असतील तर वसुबारसेच्या आधीचा रविवार गाठावा, म्हणजे नरकचतुर्दशीला हिरवं दिसतं. माती ओली असतानाच बी टाकावं आणि पाणी हाताने शिंपडावं. तांब्याने ओतलं तर माती वाहते आणि सगळे हळीव पायथ्याशी एका जागी उगवतात.