चातुर्मासात चारच कादंबऱ्या



आषाढ आला की आपल्या घरांतून नियमांची बोलणी सुरू होतात. पालेभाजी तर बंद होतेच. त्याशिवाय कुणी एखादा रस सोडतं, कुणी बाहेरचं खाणं सोडतं, कुणी चार महिने नवी साडी घ्यायची नाही असं ठरवतं. भोगोपभोगाचं परिमाण आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं, पण ते बहुतेक वेळा ताटात आणि कपाटात थांबतं. यंदा मी ते पुस्तकांनाही लावलंय. चार महिन्यांत कादंबऱ्या चारच, आणि कोणत्या ते आधी ठरवायचं. दशलक्षणाच्या दहा दिवसांत तीही नाही, फक्त स्वाध्याय.

वेळ कुठून मिळतो असं विचाराल. सूर्यास्ताआधी जेवणं आटोपली की ओटा पुसून स्वयंपाकघर बंद. आरती आणि सामायिक झाल्यावर झोपेपर्यंत पाऊण-एक तास उरतोच. शेजारच्या घरात तेव्हा कुकरची पहिली शिट्टी होत असते. रात्रिभोजन सोडल्यानं तब्येतीला काय मिळतं ते सगळेच सांगतात. वाचणाऱ्या बाईला त्यानं संध्याकाळ मिळते, हे मात्र कुणी सांगत नाही.

आता खरी अडचण. या चारही कादंबऱ्या विज्ञानकथा आणि फँटसी या प्रकारांतल्या आहेत. त्याचं कारण माझी लेक. ती अकरावीत आहे आणि दुसरं काही वाचत नाही. ती वाचते ते मला ठाऊक नसेल, तर आमचं बोलणं डबा, क्लास आणि मोबाइल एवढ्यावरच संपतं. म्हणून मी तिच्या मागोमाग वाचायला लागले आणि मलाही गोडी लागली. गेल्या दशलक्षणात तिनं विचारलं, "आई, जंबूद्वीप, लवणसमुद्र, विदेहक्षेत्र, हे सगळं पण फँटसीच नाही का?" तिच्या बोलण्यात खोडसाळपणा नव्हता. पाठशाळेत याच मुलीनं तीन लोकांचा नकाशा रंगवून बक्षीस घेतलं होतं. अशा वेळी रागावलं किंवा हसून सोडून दिलं, की मूल पुढचा प्रश्न आपल्याला विचारत नाही, बाहेर कुठेतरी विचारतं. त्यामुळे दोघींनी मिळून पुढे काय वाचायचं, हा आमच्या घरात नुसता करमणुकीचा विषय राहिलेला नाही.

सासूबाईंचा आक्षेप वेगळा आहे. त्या म्हणतात, "जे घडलंच नाही ते वाचून कर्म कशाला बांधायचं?" हे म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार दिलेत: पापोपदेश, हिंसादान, अपध्यान, दुःश्रुती आणि प्रमादचर्या. यातली दुःश्रुती म्हणजे आरंभ, परिग्रह, साहस, मिथ्यात्व, द्वेष, राग, मद आणि काम यांनी चित्त मलिन करणारे ग्रंथ ऐकणं. यादीत साहससुद्धा आहे, म्हणजे पळवाट सोपी नाही. पण आचार्यांचा भर चित्त मलिन होण्यावर आहे, असं मला वाटतं. तेव्हा पुस्तकात राक्षस आहेत की रॉकेट यापेक्षा, ते वाचून माझ्या चित्ताचं काय होतं ते तपासायला हवं.

शिवाय आपल्या आचार्यांना अद्भुताचं वावडं कधीच नव्हतं. सातव्या शतकातलं रविषेणाचार्यांचं पद्मपुराण बघा. त्यात विमानातून फिरणारे विद्याधर आहेत. त्यातले वानर हे माकडं नसून वानरचिन्ह मिरवणारे विद्याधर आहेत, आणि रावणाला डोकं एकच आहे. गळ्यातल्या हाराच्या रत्नांत त्याच्या चेहऱ्याची नऊ प्रतिबिंबं दिसली म्हणून तो दशानन. श्वेतांबर परंपरेत उद्योतनसूरींनी इसवी सन 779 मध्ये जालोरला कुवलयमाला पूर्ण केली. क्रोध, मान, माया, लोभ आणि मोह यांच्या तावडीत सापडलेले पाच जीव त्यात जन्मामागून जन्म भटकतात. चमत्कार सगळीकडे आहेत, पण कथा चमत्कारापाशी थांबत नाही. ती कषायाचं फळ दाखवते आणि मगच संपते.

त्यावरून मी माझं गाळणं ठरवलं. पाणी गाळतो तसं दुहेरी. पहिली घडी: ही कथा कोणता कषाय चाळवते, आणि त्याचं फळ दाखवते की त्याची नुसती चटक लावते? दुसरी घडी: पुस्तक मिटल्यावर सकाळी माळ हातात घेतली की मन ठिकाणावर असतं का? पहिलीचं उत्तर थोडं चाळून, कथासार वाचून, लेकीला विचारून मिळतं. दुसरीचं मात्र स्वतःवरूनच कळतं.

या गाळण्यातून आमच्या चार कादंबऱ्या निवडल्या त्या अशा.

आषाढ-श्रावणासाठी डॉ. जयंत नारळीकरांची 'वामन परत न आला'. नारळीकर 1938 साली कोल्हापुरात जन्मले, केंब्रिजला शिकले आणि मोठे खगोलशास्त्रज्ञ असूनही मराठीत गोष्टी लिहीत राहिले. 2025 च्या मे महिन्यात ते गेले. या कादंबरीत आपल्याहून पुढारलेल्या एका प्राचीन संस्कृतीनं मागे ठेवलेलं ज्ञान सापडतं, आणि त्याच्या आधारानं विचार करणारं यंत्र बनतं. त्याचं नाव वामन. नावावरूनच कळतं की मागणी लहान दिसेल आणि पाऊल मोठं पडेल. जे करता येतं ते करावंच का, हा तिचा प्रश्न आहे. आपण आरंभाचं परिमाण करतो तेव्हा स्वतःला हेच विचारत असतो. मराठी असल्यामुळे ही कादंबरी मोठ्यानं वाचता येते. सासूबाई वाती वळत ऐकतात. कर्माचा प्रश्न त्यांनी अजून मागे घेतलेला नाही, पण काल रात्री "पुढं काय झालं?" असं त्यांनीच विचारलं.

दुसरी अर्सुला ले ग्विन यांची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी', 1968 सालची. गेड नावाचा हुशार मुलगा जादूचं शिक्षण घेतो. बरोबरीच्या मुलासमोर कमी पडायचं नाही, या मानापोटी तो नको ती विद्या वापरतो आणि एक काळी सावली जगात सोडतो. ती त्याचा पाठलाग करत राहते. ही लढाई तलवारीनं जिंकायची नाही. शेवटी गेड त्या सावलीला स्वतःच्याच नावानं हाक मारतो, कारण ती त्याचीच असते. मान कषायावरचं प्रवचन मी पुष्कळ वेळा ऐकलंय. अकरावीतल्या मुलीला ते याहून सोपं करून सांगता येईल असं मला वाटत नाही. शिवाय तिथले गुरू शिष्याला बजावतात की विद्या वापरण्याआधी तिचे परिणाम कुठवर जातील ते बघ. हे ऐकून कुठल्याही जैन आईचे कान टवकारतील.

तिसरी 'फ्रँकेन्स्टाइन', मेरी शेली यांची. 1818 साली छापली गेली. लिहायला घेतली तेव्हा त्या जेमतेम अठरा वर्षांच्या होत्या. फ्रँकेन्स्टाइन हे राक्षसाचं नाव, असा सगळ्यांचा समज असतो. ते त्याला बनवणाऱ्याचं नाव आहे, आणि त्या बिचाऱ्या जीवाला पुस्तकभर नावच नाही. आणखी एक गोष्ट ऐकून तुम्हाला नवल वाटेल. तो जीव मांस खात नाही. पोट भरण्यासाठी आपण कोकरू मारत नाही, रानातली फळं आपल्याला पुरतात, असं तो स्वतः सांगतो. बनवणारा त्याला पाहताच घाबरून पळतो, माणसं दगड मारतात, आणि मग त्याच्या मनात वैर धुमसू लागतं. पुढे त्याच्या हातून हत्या होतात आणि शेवटी पश्चात्ताप त्यालाच जाळतो. जन्म देऊन पाठ फिरवणाऱ्याचा दोष किती आणि हात उचलणाऱ्याचा किती, यावर आमच्याकडे भांडण होणार हे नक्की. ते व्हावं म्हणूनच हे पुस्तक घेतलंय.

चौथी ऑर्सन स्कॉट कार्ड यांची 'एंडर्स गेम', 1985 सालची. ही मी मुद्दाम क्षमावणीनंतर ठेवली आहे. परग्रहावरच्या जीवांशी लढण्यासाठी लहान मुलांना लष्करी शिक्षण दिलं जातं. एंडर सरावाचा खेळ समजून शेवटची लढाई जिंकतो. मग त्याला कळतं की तो खेळ नव्हता, एक अख्खी जीवजात त्याच्या हातून संपली. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात आस्रवातला फरक सांगताना तीव्र-मंद भावांबरोबर ज्ञात-अज्ञात भावही येतात. जाणून केलेलं आणि नकळत झालेलं सारखं नसतं. पण नकळत झालं म्हणून एंडर मोकळा होत नाही. त्या जीवांचा उरलेला एक कोष तो जपतो आणि त्यांना पुन्हा जगता येईल अशी जागा शोधत निघतो. यात मुलांची मारामारी आणि मृत्यू आहेत, तेव्हा लहान मुलांच्या हातात देऊ नका. पण ज्याला आपण शत्रू म्हटलं त्याची क्षमा कशी मागायची, हे मोठ्या मुलांशी बोलायला यासारखं पुस्तक विरळा.

दोन गोष्टी वगळल्या, त्याही सांगते. 'गेम ऑफ थ्रोन्स'ची पुस्तकं लेकीच्या मैत्रिणींत फिरताहेत. पहिलं 1996 चं, पाचवं 2011 चं, आणि गोष्ट अजून पुरी झालेली नाही. विकथांमधली राजकथा म्हणजे काय ते कुणाला समजवायचं असेल तर हे उदाहरण चालेल. लेखन दमदार आहे, पण सूड, सत्ता आणि भोग यांची चटक त्यात इतकी आहे की माझ्या गाळण्यात ते अडकलं. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'बद्दल मात्र माझी तक्रार नाही. सगळ्यांना हवीशी वाटणारी अंगठी मिळवायला नव्हे तर टाकायला निघालेल्या माणसांची ती गोष्ट आहे. परिग्रहावर इतकं मोठं पुस्तक दुसरं मला माहीत नाही. पण भाग तीन आणि पानं हजारावर, म्हणून ते दिवाळीनंतर.

आता जंबूद्वीपाचा प्रश्न राहिला. मी लेकीला सांगितलं ते असं. कादंबरी तुझ्याकडून पान मिटेपर्यंत विश्वास मागते, नंतर तू मोकळी. आपल्या शास्त्रातलं जगाचं वर्णन तुझ्याकडून वागणं मागतं. थेंबात असंख्य जीव आहेत म्हणून आजी गाळलेल्या पाण्याची जिवाणी परत विहिरीत सोडायची. कंदात अनंत जीव आहेत म्हणून आपल्या घरी बटाटा येत नाही. त्या लोकाच्या नकाशात माणसाच्या वाट्याला मधली अडीच द्वीपं आली आहेत. बाकी सगळा विस्तार इतर जीवांनी भरलेला आहे, आणि त्यातला एकही आपल्यासाठी म्हणून जन्मलेला नाही. योजनं मी तुला मोजून दाखवू शकत नाही. पण हे वर्णन खरं मानून जगणारं घर कसं असतं, ते तू रोज बघतेस.

ती म्हणाली, "म्हणजे उत्तर अर्धंच दिलंस."

मी म्हटलं, "हो, अर्धंच."

दशलक्षणात रोज तत्त्वार्थसूत्राचा एकेक अध्याय वाचतात. तिसऱ्या दिवशी तिसरा, त्यात अधोलोक आणि मध्यलोक येतात, जंबूद्वीपही. त्या दिवशी ती माझ्याशेजारी बसणार आहे, वही आणि प्रश्न घेऊन. मी तिच्या चार कादंबऱ्या वाचते, तिनं माझा एक अध्याय वाचायचा, असं आमचं ठरलंय.

तुमच्या घरात मुलं काय वाचतात ते एकदा बघा. पुस्तक हातातून काढून घेण्याआधी ते स्वतः वाचा, आणि यादी कितीही मोठी असली तरी आकडा आधी ठरवा. न वाचलेल्या पुस्तकांचा ढीग उशाशी रचून ठेवणं हाही परिग्रहच.

जय जिनेंद्र.