आजोबांच्या रॅलेचा रंग

शिरड शहापूर

चि. बाळ यास,

आजोबांच्या सायकलीचे छायाचित्र पाहून तू विचारलेस की, घरात ग्राइंडर असताना रंग काढण्याच्या क्षुल्लक कामात काका एवढे का रेंगाळले, आणि सीटखालच्या सांध्याशी काळ्या रंगाचा एक तुकडा तसाच का राहू दिला. तू ज्या नॉटिंगहॅमात राहतोस तेथेच ही रॅले घडली असल्यामुळे तिची हकीकत ऐकण्याचा तुझा हक्क आम्हा सर्वांहून अधिक आहे.

निजामी अमदानीत आजोबा गिरदावर होते. पटवाऱ्यांची दफ्तरे तपासणे, पिकांची पाहणी करणे आणि तहसिलीत अहवाल रुजू करणे या कामी त्यांना वसमतकडची गावे वर्षभर पालथी घालावी लागत. पावसाळ्यात काळी माती मडगार्डमध्ये गच्च बसून चाक फिरेनासे झाले, की सरकारी अंमलदार सायकलीवर नव्हे, तर सायकलच अंमलदाराच्या खांद्यावर बसून गावात प्रवेश करी. नांदेडच्या व्यापाऱ्याने दिलेली तिची उर्दू पावती अद्याप ट्रंकेत आहे. तीत किंमत हाली रुपयांत असून खाली फ्रेमचा क्रमांक लिहिलेला आहे. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान लयाला गेले, यथावकाश हाली शिक्काही चलनातून गेला. क्रमांक मात्र त्या सांध्यावर कोरलेला तसाच होता, आणि त्यावर नंतरच्या पिढ्यांनी हिरवा, निळा असे ऑइलपेंटचे थर चढविले होते.

आता हत्यारांविषयी. शंभर मिलिमीटरची चकती ग्राइंडरवर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते, म्हणजे तिचा काठ सेकंदाला सुमारे ५८ मीटर वेगाने धातूवरून जातो. फाटकाच्या जाड लोखंडाला हे मानवते. सायकलीची नळी पोकळ व पातळ असल्याने फ्लॅप डिस्क रंगाबरोबर पोलादही खाते, आणि तारेचा ब्रश सांध्याच्या कोपऱ्यात अडकला तर यंत्र हातातून उसळते. वसमतच्या एका कारागिराने वाळूचा मारा करण्याचा सल्ला दिला होता. वाळूची ती धूळ फुप्फुसांत जन्माचे बिऱ्हाड करते, शिवाय क्रमांकाच्या रेषाही बोथट झाल्या असत्या, म्हणून मी तो मानला नाही.

शेवटी सरळ नळ्यांसाठी वेग कमीजास्त करता येणारे ड्रिल मशीन आणि त्यावर नायलॉनची जाळीदार चकती घेतली. ती रंग सोलते, पोलादाला फारसे दुखवीत नाही, फक्त लवकर झिजते आणि खिशाला चाट लावते. सांध्यांवर हीट गन. तेथील नळ्या पितळेने जोडलेल्या असतात, व पितळ वितळावयास ९०० अंशांच्या आसपास उष्णता लागते, त्यामुळे सांधा सुटण्याचे भय नव्हते. भय होते ते शिशाचे. जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव मोठा (आपल्याकडे घरगुती रंगांतील त्याची ९० पीपीएमची मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरात लागू झाली), आणि फार तापविल्यास त्याची वाफ होते. म्हणून गन मंद ठेवून, रंगाला फोड येताच तो पितळी पट्टीने खरवडला. ड्रिलच्या कामाला चांगला मास्क लावून अंगणाच्या टोकाला बसलो, मुलांना तिकडे फिरकू दिले नाही, आणि पडलेला चुरा ओल्या फडक्याने टिपून घेतला. तुझ्या काकूच्या मते एवढी खबरदारी मी स्वयंपाकघरात कधी घेतलेली नाही!

क्रमांकाभोवती मात्र यंत्र नेलेच नाही. वरचे दोन थर ओल्या पॉलिश पेपरने हाताने उतरविले आणि कारखान्याचा मूळ काळा रंग लागताच थांबलो, कारण पावतीतील आकडे त्याच रंगातून वाचता येतात व ते तंतोतंत जुळतात. उघड्या पोलादाला हवा बाधू नये म्हणून उर्वरित फ्रेमवर त्याच संध्याकाळी रेडऑक्साइडचा हात दिला.

समोरच्या नळीवरील बगळ्याचे चिन्ह कधीच हरवले आहे. तिकडे जुन्या सामानाच्या बाजारात मिळाल्यास घेऊन ठेव. नवी नक्कल नको. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
काका