चतुर्दशीचं पाणी

विचुंब्यातलं एखादं घर डोळ्यांसमोर आणावं. महाशिवरात्र आठ दिवसांवर आली आहे. स्वयंपाकघरात कवठाची चटणी गुळातली करायची की मिरची घालून, यावर बोलणं चाललंय. बाहेरच्या खोलीत नातू मोबाइलवर घारापुरीची वाट शोधतोय. पनवेलहून लोकलनं सीएसएमटी, तिथून गेटवे, गेटवेहून तासाभराची लाँच. आजीचं माहेर उरणचं. ती ऐकून घेते आणि विचारते, "आपल्याच जिल्ह्यातल्या देवाला जायला मुंबई कशाला?"

प्रश्न रास्त आहे. घारापुरी बेट रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात येतं, विचुंबे त्याच जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यात. पण पर्यटनाच्या जाहिरातींनी हे बेट गेटवेला इतकं घट्ट बांधून टाकलं आहे, की त्याच्या दुसऱ्या बाजूलाही किनारा आहे याचा रायगडकरांनाच विसर पडला. खरं तर पाणी रोज तिकडेच जातं. माथेरानच्या डोंगरातून निघालेली गाढी नदी विचुंब्याच्या शेजारून वाहत पनवेलच्या खाडीला मिळते, आणि ही खाडी पुढे ज्या बंदरात उघडते, तिथेच घारापुरी उभी आहे. पनवेल स्वतःही एके काळी बंदर होतं. पुण्याहून बोरघाट उतरून आलेला माणूस इथे होडीत बसून मुंबईला जाई. 1863 साली घाटातून रेल्वे धावू लागली आणि हळूहळू पनवेलनं समुद्राकडे पाठ फिरवली.

आता उरणला जाणं सोपं झालंय. 12 जानेवारी 2024 रोजी अटल सेतूचं उद्घाटन झालं, त्याच दिवशी लोकलही थेट उरणपर्यंत गेली. विचुंब्याहून रिक्षानं पनवेल स्टेशन, बेलापूरला गाडी बदलायची की उरण. नाहीतर पनवेलच्या स्टँडवरून एसटी. उरणहून मोरा बंदर जवळच, आणि मोऱ्याच्या धक्क्यावर उभं राहिलं की बेट समोर दिसतं. महाशिवरात्रीच्या यात्रेला उरणच्या बाजूनंही लाँच सुटतात. मात्र कुठून, किती आणि कधीपर्यंत, हे दोन दिवस आधी बंदरावर जाऊन विचारलेलं बरं.

खरी आखणी पुढेच सुरू होते, आणि तिथे मोबाइलपेक्षा पंचांग उपयोगी पडतं.

महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीची, म्हणजे अमावस्येच्या तोंडावर. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास चंद्र, सूर्य आणि पृथ्वी एका रेषेत येतात, चंद्र-सूर्याची ओढ एकत्र होते आणि समुद्राला उधाण येतं. अष्टमीच्या सुमारास ही ओढ विभागली जाते आणि पाण्याची चढ-उतार मंदावते. कोळी त्याला भांग म्हणतात. उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या किनाऱ्यावर भरती आणि सुकती यांच्यातला फरक चार मीटरांच्या आसपास जातो. पाणी जितकं वर चढतं, तितकंच मागे सरतं.

किनाऱ्यावरच्या माणसांनी याचं एक साधं गणित बसवलं आहे. तिथीची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, तितक्या वाजता भरती पूर्ण होते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, चतुर्दशीला साडेदहा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण चूक सहसा त्याहून मोठी नसते. त्याच्यापुढे सहा तास आणि वर थोडी मिनिटं मोजली की सुकती. म्हणजे महाशिवरात्रीला सकाळी साडेदहा-अकराला पाणी भरलेलं आणि दुपारी साडेचार-पाचला पार ओसरलेलं. मोरा बंदरात गाळ साठलेला आहे. मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही, फेऱ्या काही तास थांबतात. ज्या घराला हे ठाऊक नाही, ते दुपारी आरामात दर्शन घेऊन चारला परत निघतं आणि लेकराबाळांसह समोरचा धक्का बघत ताटकळतं.

म्हणून हे गणित नुसती गंमत नव्हे, मोठी सोय आहे. शिवरात्र कधीही आली तरी चतुर्दशीलाच येते, त्यामुळे तिचं पाणीही दर वर्षी साधारण त्याच वेळी भरतं. सणाच्या तारखेतच जायचं-यायचं वेळापत्रक दडलेलं आहे. आजीला ते माहेरी फुकट मिळालं. नातवाला कुणी दिलं नाही. दोन पिढ्यांमध्ये नेमकी हीच गोष्ट गळून पडली, याची खंत वाटायला हवी.

बेटावर उतरल्यावर सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. वर सहाव्या शतकातलं लेणं. बहुतेक जण थेट त्रिमूर्तीसमोर जातात. सुमारे वीस फूट उंचीची ती मूर्ती नावानं त्रिमूर्ती असली तरी ब्रह्मा-विष्णू-महेशाची नाही. ते तिन्ही चेहरे शिवाचेच: एक उग्र, एक कोमल आणि मधला शांत, मिटल्या डोळ्यांचा. यात्रेची पूजा मात्र तिथे नसते. ती लेण्याच्या पश्चिम भागातल्या चौकोनी गाभाऱ्यात असते. त्याला चार दिशांना चार दारं, दाराशी प्रचंड द्वारपाल, आत शिवलिंग. 1987 पासून जागतिक वारसा ठरलेल्या या जागेत एरवी माणसं प्रेक्षक म्हणून फिरतात. या एका दिवशी ओंजळीत बेल घेऊन माणूस आत येतो आणि लेणं पुन्हा देऊळ होतं. एवढ्यासाठी तरी हा प्रवास एकदा करावाच.

बेटावर पर्यटकांना मुक्काम करता येत नाही. त्यामुळे जागरण विचुंब्यात, आपल्या घरी. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर (हे उरणच्या मोऱ्याहून वेगळं) या बेटावरच्या तीन वस्त्यांनी मात्र अंधाऱ्या रात्री पुष्कळ काढल्या. समोर मुंबई लखलखत असताना तिथे संध्याकाळचे तीन तास जनरेटर चाले. समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून कायमची वीज पोचली ती फेब्रुवारी 2018 मध्ये. दर्शनाला येणाऱ्यानं या माणसांच्या दारात कचरा टाकून जाऊ नये.

लाँचमध्ये लाइफ जॅकेट अंगावर घालावं, मांडीवर ठेवू नये. 18 डिसेंबर 2024 रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'ला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि पंधरा जणांचे जीव गेले. दिवसाढवळ्या, शांत पाण्यात. त्यानंतर या बाबतीत कुणी आळस करू नये.

बाकी तयारी थोडकी. उपासाचे शेंगदाण्याचे लाडू, उकडलेली रताळी आणि भरपूर पाणी. पिशवी बंद असलेली बरी, बेटावरची माकडं हातातलं ओढून नेतात. बेल घरूनच न्यावा.

2027 साली महाशिवरात्र 6 मार्चला, शनिवारी आहे. पाणी साडेदहा-अकराला भरेल. सकाळी सातच्या आत विचुंबे सोडावं, आणि दुपारी एकच्या सुमारास परतीच्या लाँचमध्ये बसावं.